‘सांभाळून घे’ : रंगपटातून प्रबंधापर्यंत

दशावताराच्या रंगपटात, म्हणजे देवळाच्या मागच्या पडवीत किंवा मांडवाच्या कडेला पडदे बांधून केलेल्या जागेत, रात्री दहा-अकराच्या सुमारास एक वाक्य हमखास कानावर येते. चेहऱ्यावर रंग चढवून, कमरेला शेला आवळून तयार झालेला नवा नट ज्येष्ठ नटाच्या पाया पडतो आणि म्हणतो, ‘काका, सांबाळून घेवा.’ ज्येष्ठ नट आरशावरची नजर न हलवता मान डोलावतो. सात हंगाम मी स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा नट, म्हणून काम केले. त्या काळात हे वाक्य मी आधी अनेकदा म्हटले आणि पुढे अनेकदा ऐकले. समाजशास्त्रातल्या माझ्या प्रबंधाचा विषय याच वाक्यातून निघेल, असे तेव्हा कधी मनात आले नव्हते. गेल्या वर्षभरात दोन-तीन तरुण कलाकारांनी मला विचारले की आपल्याच कामावर संशोधन कसे करायचे असते. त्यांना फोनवर अर्धवट उत्तरे देण्यापेक्षा जे घडले ते क्रमाने लिहावे, असे वाटले.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी माहिती द्यायला हवी. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या उत्तरेकडच्या पेडण्यासारख्या भागात कार्तिक महिन्यापासून ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात आणि त्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक होते. आरंभी गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, वेद चोरणारा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू यांचा भाग असतो. त्याला आडदशावतार म्हणतात. मग पुराणातले एखादे आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. रंगमंचावर सामान म्हणावे तर एक लाकडी बाक असतो. तोच राजाचे सिंहासन होतो आणि तोच अरण्यातला खडक. बाजूला पायपेटी वाजवत गाणारे बुवा, पखवाजवाला आणि झांजवाला बसलेले असतात. प्रत्येक नट स्वतःचा रंग स्वतः लावतो, स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुष करतात, आणि संवादांची लिखित संहिता नसते. रंगपटात आख्यानाची मांडणी सांगितली जाते, कोणाच्या मागून कोण जाणार हे ठरते, आणि उरलेले सगळे बोलणे पाच-सहाशे प्रेक्षकांसमोर तिथल्या तिथे रचले जाते. राजा संस्कृतप्रचुर मराठीत बोलतो, संकासुर मालवणीत बोलतो, आणि दोघांना एकमेकांचे पुढचे वाक्य ठाऊक नसते.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तिथून मराठी रंगभूमीचा इतिहास सुरू करण्याची पद्धत आहे, आणि त्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात दशावतार ‘पूर्वपरंपरा’ म्हणून येतो. विद्यार्थी म्हणून ही पुस्तके वाचताना मला पहिली अडचण इथेच जाणवली. ज्या कामावर माझे घर चालत होते आणि ज्यासाठी मी कार्तिक ते वैशाख रोज रात्री टेंपोत बसून गावोगाव जात होतो, ते काम पुस्तकात भूतकाळात संपलेले होते. त्यात देव होते, मुखवटे होते, भक्ती होती. परंतु नट कधी जेवतो, कुठे झोपतो, त्याला किती पैसे मिळतात आणि पायाला दुखापत झाली तर त्या हंगामाचे काय होते, यांपैकी काहीही नव्हते. आमच्याकडे जुने लोक म्हणत आले आहेत की दशावतारी म्हणजे रात्रीचा राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी कपड्यांचा आणि सोंगांचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावी चालत जावे लागे, त्यावरून ही म्हण पडली. अभ्यासकांनी या म्हणीतला राजा पुष्कळ पाहिला होता, पण बोज्याकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नव्हते.

बारावीनंतर मी एका दशावतारी नाटक कंपनीत गेलो. गळा बरा होता, अंगकाठी बारीक होती, आणि कंपनीला स्त्रीपार्टीची गरज होती. पहिल्या हंगामात दासी आणि सख्या, दुसऱ्या हंगामापासून मोठ्या भूमिका. दिवसा झोप आणि रात्री नाटक या चक्रात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो, आणि त्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र हा विषय प्रथम भेटला. पुढे नाटक सोडून मुंबईला एम.ए.साठी गेलो. तिथे अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञांचे विवेचन वाचनात आले. माणसे रोजच्या व्यवहारात नटासारखी वागतात, त्यांचा एक दर्शनी भाग असतो आणि एक पडद्यामागचा भाग असतो, हे त्यांनी १९५० च्या दशकात मांडले होते. ते वाचून माझी अशी समजूत झाली की मी तर खरोखरचा नट आहे, तेव्हा मला हे सगळे आधीच माहीत आहे, आता फक्त लिहून काढायचे आहे. ही समजूत माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच भेटीत मोडली.

मी त्यांना उत्साहाने संहितेशिवाय चालणाऱ्या संवादांबद्दल सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘समोरच्या नटाचे बोलणे आता संपले आणि आता तुम्ही बोलायचे, हे तुम्हाला कसे कळते?’ मी म्हणालो, ‘कळते.’ त्या म्हणाल्या, ‘कसे?’ मी पुन्हा म्हणालो, ‘सवयीने कळते.’ त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि म्हणाल्या, ‘याचे उत्तर सापडले की आपण प्रबंधाचा आराखडा करू.’

त्या संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने परतताना मला जे उमगले, त्यावर माझे पुढचे सगळे काम उभे आहे. मला ते येत होते, पण ठाऊक नव्हते. सात वर्षांत हजारो वेळा मी बरोबर क्षणी तोंड उघडले होते आणि तो क्षण कसा ओळखला हे मला सांगता येत नव्हते. कलाकार संशोधनाकडे येतो तेव्हा त्याला वाटते की आपल्याजवळ ज्ञानाचा साठा आहे आणि तो फक्त कागदावर उतरवायचा आहे. प्रत्यक्षात त्याच्याजवळ हाताचे, पायाचे, गळ्याचे वळण असते, आणि ते जितके पक्के तितके ते त्याच्या स्वतःच्या नजरेआड गेलेले असते. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकांनी १९३४ साली शरीराच्या तंत्रांवर व्याख्यान दिले होते. चालणे, पोहणे, बसणे या गोष्टी नैसर्गिक नसून समाजाने शिकवलेल्या असतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते वाचताना मला आठवले की स्त्रीपार्टीचे चालणे मला कोणी शब्दांत शिकवले नव्हते. कंपनीतल्या एका ज्येष्ठ नटाने पहिल्या हंगामात दोन महिने मला आपल्या मागोमाग चालायला लावले होते, एवढेच.

माझ्यासारख्या वाटेने आधी गेलेला कोणी आहे का, हे शोधताना हॉवर्ड बेकर सापडले. तरुणपणी ते शिकागोच्या मद्यालयांत पियानो वाजवत असत आणि त्याच काळात शिकागो विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होते. रात्रीच्या कामाची जी टिपणे त्यांनी लिहिली, त्यांतून १९४९ साली नृत्यगृहांत वाजवणाऱ्या वादकांवरचा त्यांचा पदव्युत्तर प्रबंध झाला आणि ते लेखन पुढे १९६३ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात आले. एव्हरेट ह्यूज हे त्यांचे गुरू व्यवसायांचा अभ्यास करणारे होते, आणि वादकाकडे त्यांनी कलावंत म्हणून न पाहता काम करणारा माणूस म्हणून पाहायला लावले. गिऱ्हाईक काय मागते, वादकाला काय वाजवावेसे वाटते, पैसे कोण देतो, यांतली ओढाताण बेकर यांनी दाखवली. वादनाचे सौंदर्य त्यामुळे कमी झाले नाही. मला जो धीर हवा होता तो इथे मिळाला, कारण आमच्या भागात दशावताराला ‘काम’ म्हटले की काही लोकांना त्यात देवाचा अपमान वाटतो.

मग क्षेत्रकार्य सुरू झाले, आणि पहिला धक्का मुलाखतींनी दिला. ज्यांच्याबरोबर मी सर्वाधिक वेळा रंगमंचावर उभा राहिलो होतो त्या राजपार्टी करणाऱ्या ज्येष्ठ नटाकडे मी ध्वनिमुद्रक घेऊन गेलो. त्यांना मी काका म्हणतो. पहिलाच प्रश्न ऐकून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. ‘ह्यां तुका म्हायत नाय? सात वर्सां माझ्यावांगडा उभो रवलंस आणि आता माका इचारतंस?’ त्यांच्या आवाजात दुखावलेपणा होता. त्यांना वाटले की मी त्यांची परीक्षा घेतो आहे, किंवा शहरात जाऊन सगळे विसरलो आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला अज्ञान शोभते; त्याने विचारलेला सर्वांत साधा प्रश्नही लोक कौतुकाने ऐकतात. घरच्या माणसाला ती मुभा नसते. त्या दिवशी मी ध्वनिमुद्रक बंद केला, काकांबरोबर सुपारीच्या बागेला पाणी लावले, आणि नंतर कित्येक महिने औपचारिक मुलाखत घेतली नाही. त्याऐवजी नाटकांचे ध्वनिमुद्रण करून, एखादा तुकडा काकांना ऐकवून, ‘इथे तुम्ही थांबलात, ते का?’ असे विचारू लागलो. समोर ऐकायला काही असले की प्रश्न परीक्षेचा राहत नाही. दोघे मिळून एका तिसऱ्या गोष्टीकडे पाहतो. ज्यांना आपल्या माणसांमध्ये काम करायचे आहे त्यांनी ही एक पद्धत आवर्जून वापरून पाहावी.

ध्वनिमुद्रणे शब्दशः उतरवून काढणे हे अतिशय कष्टाचे काम निघाले. दहा मिनिटांच्या प्रवेशाला कधी कधी पूर्ण दिवस लागे, कारण केवळ शब्द पुरेसे नव्हते; विराम, श्वास, लांबवलेले स्वर, पखवाजाचे बोल, पायातल्या घुंगरांचा आवाज, सगळे नोंदवायचे होते. याची चिन्हपद्धती मला संभाषण-विश्लेषण या शाखेत मिळाली. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी १९७४ साली एक निबंध प्रसिद्ध केला, ज्यात साध्या गप्पांमध्ये माणसे आळीपाळीने कशी बोलतात, दोन बोलण्यांमधली फट इतकी छोटी कशी राहते, आणि वाक्य संपण्याच्या आधीच ऐकणाऱ्याला त्याचा शेवट कसा ओळखता येतो, याची मांडणी आहे. माझ्या मार्गदर्शक बाईंचा प्रश्न तिथूनच आला होता. दशावतारातले बोलणे गप्पांसारखे नाही. एकेका नटाचे भाषण चार-पाच मिनिटे चालू शकते, मध्ये पद येऊ शकते, आणि प्रेक्षकांना दोन्ही नटांकडून वाक्चातुर्य हवे असते. तरीही फट पडत नाही.

हळूहळू काही खुणा दिसू लागल्या. भाषण संपवत आणलेला नट समोरच्याच्या पात्राचे संबोधन पुन्हा उच्चारतो: ‘हे राजन्’ किंवा ‘हे देवी’ हे सुरुवातीला येते तेव्हा ते केवळ हाक असते, पण लांबलचक बोलण्याच्या ओघात ते दुसऱ्यांदा आले की पुढची दोन-तीन वाक्ये शेवटची असतात. शेवटच्या वाक्यातले क्रियापद ताणले जाते. नट बाकापासून एक पाऊल मागे घेतो किंवा वादकांच्या दिशेने अर्धा वळतो. आणि मग पेटी व पखवाज ते बोलणे उचलतात, त्या आधारावर दुसरा नट उभा राहतो. अडचणीच्या वेळी तर या खुणा अधिक ठळक होतात. समोरच्याला काही सुचत नसेल, तर बोलणारा नट आपले बोलणे संपवण्याऐवजी समोरच्याच्या तोंडी घालता येईल असा प्रश्न तयार करून देतो: ‘म्हणजे महाराज, आपण मला असे सांगू इच्छिता का, की…’ आणि पुढे अख्खे उत्तर प्रश्नाच्या रूपात त्याच्या हाती ठेवतो. प्रेक्षकांना वाटते की राणी राजाला जाब विचारते आहे. प्रत्यक्षात ती त्याला वाक्य पुरवत असते. या सगळ्याला कंपनीत एकच शब्द आहे, ‘सांभाळून घेणे’. ज्या वाक्याकडे मी नुसता नम्रतेचा उपचार म्हणून पाहिले होते, ते या व्यवसायातल्या सर्वांत कठीण कौशल्याचे नाव होते.

प्रबंधाचे पहिले रूप इथे थांबले असते तर ते सोपे आणि सुखद झाले असते. पण ‘सांभाळून घे’ हा शब्द मी वहीत जिथे जिथे आला तिथे अधोरेखित करत गेलो, तेव्हा तो रंगमंचाबाहेरही तितकाच सापडला. हंगाम अर्धा झाला आणि ठरलेले पैसे मिळाले नाहीत तर मालक म्हणतो, सांभाळून घे. आधी घेतलेली उचल फिटली नसेल म्हणून दुसऱ्या कंपनीत जायचे नाही, तेव्हाही तोच शब्द. ताप अंगात असताना रंग लावायचा तर बाकीचे सांभाळून घेतील. मीही एका हंगामाच्या शेवटच्या सतरा रात्रींचे पैसे असेच सांभाळून घेतले आणि ते आजतागायत मिळालेले नाहीत. मालक दुष्ट असतात असे मला म्हणायचे नाही. अनेकांचे स्वतःचे कर्ज असते आणि जत्रेच्या गावाकडून येणारे मानधनही वेळेवर येतेच असे नाही. मुद्दा असा की रंगमंचावर ज्या परस्परविश्वासावर संहितेशिवाय नाटक उभे राहते, त्याच विश्वासाच्या भाषेत रंगमंचाखाली मजुरी थकवली जाते, आणि शब्द एकच असल्यामुळे तक्रार करणाऱ्याला आपण कलेशी बेइमानी करतो आहोत असे वाटते. माझ्या प्रबंधाचा दावा एवढाच आहे, आणि तो मला आतून माहीत असूनही मी स्वतःला कधी सांगितला नव्हता.

इथे दोन अभ्यासकांचे ऋण सांगितले पाहिजे. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली हवाई सेविकांच्या कामावर लिहिताना दाखवले की हसतमुख राहणे हेही श्रम आहेत आणि ते विकले जातात. वरवरचा अभिनय आणि मनातून केलेला अभिनय हा त्यांनी केलेला भेद स्तानिस्लावस्की या नाट्यगुरूंच्या विचारांवरून घेतलेला आहे. म्हणजे समाजशास्त्राने नाटकाकडून उसने घेतलेली कल्पना मी पुन्हा नाटकाकडे घेऊन चाललो होतो. दुसऱ्या शर्मिला रेगे. लावणी आणि तमाशा यांच्याविषयी लिहिताना त्यांनी जात, स्त्रियांचे श्रम आणि लैंगिकता हे प्रश्न कलेच्या गौरवाआड कसे झाकले जातात ते दाखवले. त्यांचे लेखन वाचल्यावर मला माझ्याच प्रकरणातल्या एका वाक्याची लाज वाटली. ‘दशावतारात स्त्रीभूमिका पुरुष करतात, यातून स्त्रीत्वाचा सन्मान दिसतो’ असे मी लिहिले होते. सात वर्षे मी त्या भूमिका केल्या, साडीतल्या माझ्या चालण्याचे बायकांनीही कौतुक केले. पण रात्रभर चालणाऱ्या या कामात आणि त्याच्या कमाईत बायकांना जागा का नव्हती, हा प्रश्न मी विचारला नव्हता. ते वाक्य काढून टाकले. त्या जागी मी ज्यांच्याकडून लकबी उचलल्या होत्या त्या माझ्या आईविषयी आणि आत्याविषयी लिहिले, ज्यांना मी कोणते हातवारे घेतले हेसुद्धा ठाऊक नव्हते.

गॉफमन यांच्याशीही मला काही ठिकाणी असहमत व्हावे लागले. आमचा रंगपट हा पडद्यामागचा भाग आहे असे धरून मी निघालो होतो, पण क्षेत्रकार्यात लक्षात आले की तिथे तर गावातली मुले पडद्याच्या फटीतून तास न् तास रंग लावणे पाहत उभी असतात, मानकरी येऊन बसतात, कोणी आजी विष्णूच्या पायाला हात लावून जाते. गणपतीची पूजा तिथेच होते. रंगपटात नट अर्धा देव झालेला असतो आणि त्याला त्याप्रमाणेच वागावे लागते. खरा पडद्यामागचा भाग टेंपो आहे. पहाटे पाच-साडेपाचला कपड्यांच्या पेटाऱ्यांमध्ये अंग टाकून, अर्धवट पुसलेल्या रंगाने, पुढच्या गावापर्यंत जाताना जे बोलणे होते ते रंगपटात कधीच होत नाही: पैशांचे, आजारपणाचे, घरच्या भांडणांचे, आणि कोण आज कमी पडला याचे.

टेंपोतल्या या बोलण्याचे काय करायचे, हा मला आलेला सर्वांत गंभीर पेच होता. ती माझी सात वर्षांची आठवण होती. त्यावेळी कोणी मला संशोधक म्हणून काही सांगितले नव्हते. मित्र म्हणून, धाकटा भाऊ म्हणून सांगितले होते. आठवणीवर आधारलेले लेखन शास्त्रीय ठरते का, या शंकेला उत्तर म्हणून मला एम. एन. श्रीनिवास या समाजशास्त्रज्ञांचा दाखला नेहमी दिला जाई. म्हैसूरजवळच्या ज्या गावात त्यांनी १९४८ साली काम केले, त्याला त्यांनी रामपुरा असे नाव दिले. १९७० साली स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांच्या तयार टिपणांच्या प्रती जळाल्या आणि त्यांनी त्या गावावरचा ग्रंथ बराचसा आठवणीवर लिहिला. तो १९७६ साली आला. दाखला मोठा आहे, पण तो माझ्या अडचणीला लागू पडत नाही, कारण रामपुऱ्याच्या लोकांना श्रीनिवास अभ्यासासाठी आले आहेत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. माझी अडचण स्मरणशक्तीची नसून संमतीची होती. शेवटी मी असे ठरवले की नट म्हणून घालवलेल्या वर्षांतले केवळ माझ्या स्वतःबाबत घडलेले प्रसंग वापरायचे, आणि इतरांचे जे काही घ्यायचे ते संशोधक म्हणून परत गेल्यानंतरचे, विचारून घेतलेले. या निर्णयामुळे प्रबंधातली दोन अतिशय बोलकी पाने गेली. ती गेली हेच बरोबर झाले.

संमतीपत्रावर सही घेणे हा प्रकारही वाटतो तितका सरळ नाही. आमच्यातल्या अनेकांच्या आयुष्यात छापील कागदावर केलेली सही म्हणजे कर्जाची किंवा जमिनीची सही. कागद पुढे केला की माणूस अवघडतो. विद्यापीठाच्या समितीला कागद हवा होता, आणि ती अपेक्षा चुकीची नव्हती. म्हणून मी मजकूर मालवणीत वाचून दाखवून तोंडी होकार ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी मागितली. ती मिळायला पाच महिने लागले. त्याच समितीतल्या एका सदस्यांनी मला विचारले होते की तुम्ही स्वतः या व्यवसायातले असताना तटस्थता कशी राखणार. प्रश्न योग्य होता, पण त्याचे उत्तर ‘दूर उभा राहीन’ असे देणे मला खोटे वाटले. मी कुठे उभा आहे, कोणाचे माझ्यावर उपकार आहेत, कोणाकडून माझे पैसे येणे आहेत, हे सगळे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिले. वाचणाऱ्याला माझ्या निष्कर्षांचे वजन करता यावे, यासाठी याहून प्रामाणिक मार्ग मला दिसला नाही.

दूर उभे राहणे किती अशक्य होते ते २०२० च्या फेब्रुवारीत दिसले. कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेला मी वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन गेलो होतो. ‘कीचकवध’ लागणार होते आणि सैरंध्री करणाऱ्या मुलाला संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. काका माझ्याकडे आले. त्यांनी काही विचारले नाही. साडी माझ्यासमोर ठेवली. ध्वनिमुद्रक झांजवाल्याच्या शेजारी चालू ठेवून मी चार वर्षांनी मिशी काढली आणि रंगाला बसलो. महाराणी असून दासीच्या वेषात विराटाच्या घरी केस विंचरायचे काम करणारी ती द्रौपदी त्या रात्री मला जितकी जवळची वाटली तितकी आधी कधीच वाटली नव्हती. कीचक करणारा नट नवा होता. मध्यरात्रीनंतरच्या प्रवेशात तो अडला, आणि मी विलाप लांबवून, त्याच्या तोंडचे उत्तर प्रश्नात गुंफून, त्याला वाट करून दिली. पहाटे टेंपोत मोबाइलवर मी भराभर टिपणे लिहिली, कारण माझ्या सिद्धांताचा पुरावा मीच रंगमंचावर दिला होता, असे मला वाटत होते. महिन्याभरात टाळेबंदी आली, हंगाम मध्येच तुटला, आणि पुढचे कितीतरी महिने माझ्याजवळ फक्त ती ध्वनिमुद्रणे उरली.

प्रबंध सादर करण्याच्या आधी मी तिसरे प्रकरण, म्हणजे बोलण्याच्या खुणांचे प्रकरण, काकांना वाचून दाखवायला गेलो. खळ्यात बसून दोन दिवस वाचन चालले. जिथे विद्यापीठीय मराठी जड होई तिथे मी मालवणीत सांगत होतो. पैशांचा भाग आला तेव्हा ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले, आणि चहा घेऊन परत आले. त्या रात्रीच्या कीचकवधाचे विश्लेषण मी सर्वांत शेवटी वाचले. नट आधी खूण देतो, मग वादक ती उचलतात, मग दुसरा नट उभा राहतो, असा क्रम त्यात आकृतीसह दिला होता.

काका म्हणाले, ‘लिवलंस तां बरां लिवलंस. पण उलटां लिवलंस. बुवा आदी सांबाळता, मगे आमी.’

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. ते ऐकून घेत राहिले आणि तेच पुन्हा म्हणाले. घरी आल्यावर मी ते ध्वनिमुद्रण काढले, कानाला हेडफोन लावला आणि तो तुकडा अर्ध्या वेगाने ऐकला. सैरंध्रीचा विलाप सुरू आहे, आवाज माझाच आहे. दुसऱ्यांदा येणारे संबोधन अजून आलेले नाही, क्रियापद ताणलेले नाही, मी कुठलीच खूण दिलेली नाही. आणि माझ्या आवाजाच्या खाली, इतका हळू की इतके दिवस मी तो केवळ साथीचा सूर समजत होतो, पायपेटीचा स्वर वर सरकलेला आहे. कीचक अडला आहे हे बुवांनी माझ्या आधी ओळखले होते. ‘हे सेनापती’ हे शब्द माझ्या तोंडून त्यानंतर येतात, बुवांनी दिलेल्याच स्वरात.